अवधूतबुवांचा आर्थर राजा

अवधूत निफाडकर मला पहिल्यांदा भेटला तो बर्मिंगहॅमच्या अकरा नंबरच्या बसमध्ये, आणि त्या एका भेटीत माझं निम्मं आयुष्य गेलं. अकरा नंबरची बस शहराभोवती गोल फिरते. तिला शेवटचा थांबा असा नाहीच, त्यामुळे "चला, उतरा आता" असं तिथे कोणी कोणाला म्हणत नाही. अशा बसमध्ये अवधूतसारख्या माणसाला बसू देणं हा कौन्सिलचा निष्काळजीपणा आहे.

माझ्या डब्याच्या पिशवीवर नाशिकच्या एका साडीच्या दुकानाचं नाव होतं. त्याला तेवढं पुरलं.

"नाशिक?" शेजारी येऊन बसत त्याने विचारलं.

"पिशवी नाशिकची. मी साताऱ्याचा."

"चालेल," असं म्हणून तो माझ्याकडे वळला. "एक दगड होता. त्या दगडात एक तलवार रुतलेली."

तलवारीला त्याने हात घातला तेव्हा माझा थांबा आला होता. ती बोटभर वर आली तेव्हा माझा थांबा दुसऱ्यांदा आला. मधल्या काळात तीन ड्रायव्हर निवृत्त झाले. एक बाई बाबागाडीत बाळ घेऊन चढली होती. उतरताना त्या बाळाने आईच्या हाताला धरून तिला सावकाश खाली उतरवलं. माझ्या खिशातल्या नोटेवर राणी होती, तिने दोनदा जांभई दिली. डब्यातल्या भेंडीला पालवी फुटायची तेवढी राहिली. अखेर तलवार बाहेर आली, तो पोरगा राजा झाला, आणि अवधूत म्हणाला, "ही झाली प्रस्तावना."

ऑफिसात मी सांगितलं की बस गोल फिरत राहिली. इंग्रज साहेबाने मान डोलावली. बसबद्दल काहीही सांगितलं तरी त्या शहरात लोक विश्वास ठेवतात.

पुढे कळलं की हा दोष माणसाचा नाही, रक्ताचा आहे. निफाडचं निफाडकरांचं घर पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनकारांचं. आजोबा बुवा, वडील बुवा, चुलते बुवा. अवधूत सोळा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला पगडी घालून देवळात उभं केलं आणि सुदाम्याचं आख्यान लावायला सांगितलं. सुदामा पोहे बांधून घराबाहेर पडला. वाटेत अवधूतला एक झाड दिसलं, झाडावरून एक पक्षी आठवला, पक्ष्यावरून दुसरं आख्यान सुचलं. सुदामा द्वारकेला पोचायच्या आत देवळातली मंडळी आपापल्या घरी पोचली होती. वडिलांनी तिथेच हात जोडले, आरती उरकली, आणि घरी आल्यावर सांगितलं, "तू इंजिनिअर हो."

तो झाला. बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या तपासायचं काम त्याच्याकडे होतं. दार उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं. ज्या माणसाला आयुष्यात एकही गोष्ट मिटवता आली नाही, त्याला हे काम कोणी दिलं हे देव जाणे.

आर्थर राजा त्याच्या घरात शिरला तो मुलीच्या दप्तरातून. वैभवीला शाळेत ह्या राजावर प्रोजेक्ट होतं. "बाबा, ते तलवार कोणालाच निघत नव्हता," असं तिने तिच्या बर्मिंगहॅमी मराठीत सांगितलं आणि मदत मागितली. अवधूत शनिवारी लायब्ररीत गेला आणि पुस्तकं छातीशी धरून घरी आला. वैभवीचं प्रोजेक्ट तिनेच कसंबसं एका पानात संपवलं. तिच्या बापाचं मात्र सुरू झालं होतं.

"अरे, आपल्याकडच्यासारखंच सगळं आहे," तो मला फोनवर सांगायचा. "दाढीवाला राजगुरू आहे. पळवलेलं मूल आहे. भावाभावांची भांडणं आहेत. एक बाई तळ्यातून हात वर काढून तलवार देते. आणि ह्या लोकांना ह्याचं काही नाही. ते त्याच्या नावाने पब काढतात."

मग एका रविवारी त्याने निफाडला फोन लावला. कीर्तन करणार आहे, मंडळात, दर रविवारी एक असं सात रविवार, हे त्याने वडिलांना सांगितलं.

"आख्यान कोणतं?"

"इथल्याच एका राजाचं आहे, अण्णा."

"देव आहे का त्यात?"

"शोधतात. एक पवित्र वाडगा असतो."

"मग चालेल," अण्णा म्हणाले. "पण पुरं कर. पुरं केलंस तर माझ्या चिपळ्या तुझ्या."

त्या चिपळ्या आजोबांच्या. लाकूड इतकं गुळगुळीत झालेलं की धरताना हात घसरावा. घरात बुवा म्हणून ज्याने एक आख्यान तडीस नेलं त्याच्याच हातात त्या जायच्या, असा निफाडकरांचा नियम. अवधूतने कारखान्यात बढती नाकारली होती, कारण तिकडे रविवारी जावं लागलं असतं. पण चिपळ्यांचं नाव काढलं की त्याचा आवाज सोळा वर्षांच्या मुलासारखा व्हायचा. फोन ठेवल्यावर तो मला म्हणाला, "पुरं करायचं, बस. चांगलं नाही झालं तरी चालेल. पुरं झालं पाहिजे."

आमच्या मंडळात काही करायचं म्हणजे सुलक्षणाकाकींची परवानगी लागायची. काकी सत्तरच्या दशकात इथे आल्या, तेव्हापासून मंडळाला अध्यक्ष पुष्कळ झाले, पण राज्य त्यांचंच. काकींनी एकच अट घातली. "शेवटी राजा मरतो का?"

अवधूत चाचरला. "तसं म्हटलं तर..."

"मग नको. महाभारतसुद्धा घरात पुरं वाचत नाहीत, कलह होतात. इथे निम्म्या लोकांचे व्हिसा अडकलेत, दोन सुना बाळंतपणाच्या आहेत. माझ्या मंडळात राजा मरायचा नाही."

दोन दिवस तो वाचत बसला आणि तोडगा घेऊन आला. राजा जखमी होतो, पण तीन राण्या होडी घेऊन येतात आणि त्याला एका बेटावर घेऊन जातात. तिथे तो झोपलेला आहे. देशाला गरज पडली की परत येणार आहे.

"म्हणजे समाधी," काकी म्हणाल्या. "सांग तसं मग. होडीत बसव आणि आरती घे."

असे ते सात रविवार सुरू झाले. एका चर्चचा हॉल मंडळाला दुपारपुरता मिळायचा. अवधूत धोतर नेसून, पगडी घालून, गळ्यात उपरणं टाकून उभा राहायचा. पेटीवर त्याची बायको सुचेता. तिच्यावर सूर धरण्याखेरीज आणखी एक जबाबदारी होती. नवरा आडवाटेला लागला की ती काळी चार दाबून धरायची, आणि तो मूळ गोष्टीवर येईपर्यंत सोडायची नाही. पहिल्या रविवारी काळी चार इतकी वाजली की शेजारच्या घरातली बाई गाडीचा हॉर्न अडकला म्हणून बघायला आली. झांज डॉक्टर रघुवीरकडे. हा हॉस्पिटलात भूल द्यायचा. अत्यंत विश्वासू माणूस. मंडळाची कुठलीही नाजूक कामगिरी त्याच्यावर सोपवली जायची. आदल्या वर्षीचंच बघा. अनंत चतुर्दशी आली सोमवारी, त्यात मुसळधार पाऊस, रजा कोणालाच नाही. रघुवीर म्हणाला, माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं तळं आहे, मी एकटा जाऊन विसर्जन करून येतो. गेला, भिजून आला. काकींनी विचारलं, "नीट झालं ना? काय दिसलं रे बुडताना?" तो म्हणाला, "काही नाही, काकी. पाणी हललं, वारा होता." त्यावर काकींनी त्याला आल्याचा चहा करून दिला होता.

आणि सगळ्यात मागे, किटलीपाशी, हॉलचा केअरटेकर डेरेक. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवून तो दर रविवारी बसायचा. मराठी एक अक्षर कळत नसे, पण अवधूतच्या मराठीत निम्मी इंग्रजी असल्याने आणि उरलेली गोष्ट आधीच ठाऊक असल्याने त्याचं काही अडत नव्हतं.

श्रोते म्हणून आमचं मंडळ सोपं नव्हतं. गोल टेबलाचा प्रसंग आला. अवधूतने खड्या आवाजात सांगितलं, की ह्या टेबलाला वरची बाजू नाही, खालची नाही, थोरला नाही, धाकटा नाही, सगळे सरदार सारखे.

"मग आधी वाढायचं कोणाला?" काकींनी विचारलं.

ह्याचं उत्तर ब्रिटनमधल्या एकाही पुस्तकात नाही. राणी आणि राजाचा लाडका सरदार ह्यांच्या प्रकरणाला "मुलांना बाहेर खेळायला पाठवा" असं फर्मान निघालं आणि मुलं गेल्यावर सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. पण खरा कळस झाला तो पवित्र वाडग्याच्या रविवारी. एक वाडगा नाहीसा झाला आहे आणि राज्यातले सगळे सरदार घरदार सोडून त्याच्या शोधात निघाले आहेत, हे ऐकून पुरुष मंडळींनी जांभया दिल्या. बायका मात्र श्वास रोखून बसल्या होत्या. मंडळाच्या प्रत्येक जेवणानंतर कोणाचं ना कोणाचं भांडं दुसऱ्याच्या घरी जातं आणि परत येत नाही. तो वाडगा शेवटी फक्त सर्वांत निर्मळ मनाच्या माणसाला सापडला, असं अवधूतने सांगितलं तेव्हा रघुवीरची बायको मनीषा मागे वळून एका बाईकडे टक लावून बघत होती. पुढच्या रविवारी चार डबे आणि एक पितळी पातेली मुकाट्याने आपापल्या घरी परतली.

दर रविवारी रात्री अण्णांचा फोन. "कुठवर आलं?"

"वाडगा सापडला, अण्णा."

"आडवाटेला गेलास?"

"थोडा."

"तरी सुदाम्यापेक्षा बरं चाललंय," अण्णा म्हणायचे. निफाडहून नात्यातलं एक जण महिन्याभरात लंडनला येणार होतं. त्याच्या सामानात चिपळ्या द्यायच्या की नाही हे शेवटच्या रविवारी ठरणार होतं.

तो रविवार जूनचा, लख्ख उन्हाचा. असल्या दिवशी इंग्रज माणूस घरात सापडत नाही, पण डेरेक आला होता. हॉल भरला होता. सुचेताने शिरा करून आणला होता, निरांजन तयार, आरतीचं तबक पेटीशेजारी. होडी निघाली की आरती.

आणि काय सांगू, अवधूत सुटला. लढाई झाली, सरदार पडले, आणि काळी चार फक्त एकदाच वाजली, तीही घोड्यांच्या नालांवरून तो बिजागऱ्यांकडे वळला म्हणून. राजा जखमी होऊन तळ्याच्या काठी पडला. जवळ एकच सरदार उरला. राजा त्याला म्हणाला, माझी तलवार घे, पाण्यात सोड, आणि काय दिसतं ते येऊन सांग. सरदार गेला. पण तलवारीची ती मूठ, ते हिरे. त्याच्या हातून सुटेना. त्याने ती लव्हाळ्यात लपवली आणि रिकाम्या हाताने परत आला.

"राजाने विचारलं, काय दिसलं? तर हा काय म्हणाला?" अवधूतने आवाज खाली आणला. "काही नाही महाराज. पाणी हललं, वारा होता."

राजाने ओळखलं. परत पाठवलं. हा पुन्हा गेला, पुन्हा सुटेना, पुन्हा तसाच परत आला. आता कीर्तनकाराची जुनी रीत अशी, की ओळ श्रोत्यांच्या तोंडी बसली की ती त्यांच्याकडूनच म्हणवून घ्यायची. अवधूतने दोन्ही हात वर केले. "मंडळी, राजाने पुन्हा विचारलं, काय दिसलं? हा काय म्हणाला?"

अख्खा हॉल एका सुरात म्हणाला, "पाणी हललं, वारा होता."

झांज थांबली. रघुवीर उभा राहिला होता. चेहरा असा, की त्याला स्वतःलाच कोणीतरी भूल द्यावी.

"लॉफ्टमध्ये आहे," तो म्हणाला.

अवधूत रंगात होता. "नाही डॉक्टर, लव्हाळ्यात."

"लव्हाळ्यात नाही. माझ्या लॉफ्टमध्ये, छपराखालच्या माळ्यावर. गणपती. गेल्या वर्षीचा."

सुचेताचं बोट चुकून काळी चारवर पडलं आणि तिथेच राहिलं.

"वर गांधीलमाश्यांचं पोळं आहे म्हणालास ना तू?" मनीषाने विचारलं. "नऊ महिने मी नाताळचं सामान काढलं नाही."

रघुवीर काकींकडे बघून बोलत होता. मूर्ती पेणहून आणलेली, शाडूची. त्याच्या वडिलांनी स्वतः निवडलेली. विमानात त्याने मांडीवर धरून आणली होती. गणपतीच्या आधीच्या महिन्यात वडील गेले. "तळ्यापर्यंत गेलो होतो, काकी. दोनदा काठावर नेला. दोनदा परत आणून गाडीत ठेवला आणि सीटबेल्ट लावला. अप्पांनी डोळे बघून निवडला होता हो तो."

सगळे काकींकडे बघत होते.

"आरती करतोस का रोज?"

"टॉर्च ओवाळतो. निरांजन लावलं तर स्मोक अलार्म वाजतो."

"आणि नैवेद्य?"

"टोस्ट."

"लोणी लावून?"

"हो."

"मग ठीक आहे," काकी म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या. "पण आता आणखी एक रात्र ठेवायचा नाही. चला. कोणाकोणाच्या गाड्या आहेत?"

खुर्च्या सरकल्या, पोरं धावली, कोणीतरी आरतीचं तबक उचललं, कोणीतरी शिरा.

"मंडळी, पाच मिनिटं," अवधूत म्हणाला. "फक्त होडी यायची आहे. तलवार पडते, होडी येते, झालं."

"आधी आपला देव पाण्यात जाऊ दे," काकी दारातून म्हणाल्या. "मग तुझी तलवार."

सुचेताने काळी चार जोरात दाबली. त्या सुराने सात रविवार अवधूत थांबला होता. मंडळी थांबली नाहीत. हॉल रिकामा झाला. उरलो मी, कारण त्याला गाडीतून न्यायचं होतं, आणि मागे डेरेक. अवधूतने त्याच्याकडे पाहिलं, उपरणं सारखं केलं, आणि इंग्रजीत सुरुवात केली. "तर मग तिसऱ्या वेळी तो सरदार..."

"ठाऊक आहे, मित्रा," डेरेक म्हणाला. "शाळेत होतं आम्हाला. मला कुलूप लावायचंय."

गाडीत अवधूत एक शब्द बोलला नाही. बर्मिंगहॅमपासून त्या तळ्यापर्यंत पगडी मांडीवर घेऊन बसला होता. अकरा नंबरच्या बसमधल्या ह्या माणसाला गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही. सिग्नलला थांबल्यावर मी म्हणालो, "अरे, तुझी गोष्ट एका माणसाला इतकी लागली, की..."

"पुरी नाही झाली," तो म्हणाला.

तळ्याकाठी मेंढ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये नटूनथटून उभं असलेलं आमचं मंडळ. शेतकरी कुंपणावर टेकून बघत होता. मूर्तीवर लॉफ्टमधल्या इन्सुलेशनचा पांढरा कापूस चिकटला होता. मनीषाने तो एकेक धागा करून काढला. आरती झाली, शिऱ्याचा नैवेद्य झाला. रघुवीर पँट वर करून पाण्यात शिरला, कमरेपर्यंत गेला, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. कोणी त्याला घाई केली नाही. मग तो वाकला.

परत आला तेव्हा काकींनी विचारलं, "काय दिसलं रे?"

"पाणी हललं, काकी," तो म्हणाला. "वारा होता."

पोरांनी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून गजर केला. काकी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कशाला, सप्टेंबरमध्ये येतोच आहे." मनीषाने रघुवीरला टॉवेल दिला आणि हात त्याच्या पाठीवरून फिरवला. शिरा वाटला गेला. अवधूत काठावर पगडी घालून उभा होता. त्याने घसा खाकरला. "तर मंडळी, अशाच एका तळ्यात..."

"अवधूत, उरलेलं पुढच्या रविवारी," काकी म्हणाल्या. "सगळे मोजे ओले झालेत."

त्या रात्री फोन आला तेव्हा मी त्याच्याच घरी होतो.

"झालं का पुरं?" अण्णांनी विचारलं.

"तळ्यापर्यंत आलं, अण्णा. मग मंडळी उठून गेली."

"कंटाळून?"

"नाही. विसर्जनाला."

त्याने लॉफ्टमधल्या गणपतीची हकीकत सांगितली, तेव्हा पलीकडून अण्णांचं हसू ऐकू आलं, अगदी खोकला लागेपर्यंत. "मी पन्नास वर्षं कीर्तन केलं," ते म्हणाले, "पण माझं ऐकून एक माणूस कधी लॉफ्टवर चढला नाही." मग म्हणाले, "तरी पुरं कर."

पुढच्या रविवारी हॉल लाइन डान्सिंगवाल्यांना दिलेला होता. त्याच्या पुढच्या रविवारी निम्मं मंडळ सुट्टीवर गेलं होतं. ऑगस्टमध्ये कारखाना बंद झाला आणि अवधूत लंडनजवळ स्लाऊला एका गोदामात नोकरीला लागला. तिथे रविवारीही शिफ्ट असते. आर्थर राजा अजून तळ्याकाठी पडलेला आहे. चिपळ्या निफाडलाच आहेत, अवधूतच्या धाकट्या भावाकडे, नुसत्या सांभाळायला. तो भाऊ कीर्तन करत नाही.